नहरीचे पाणी आणि परसातली भाजी

नोकरी करणाऱ्या माणसाने घरी थोडी भाजी पिकवावी, असे कोणी सुचवले की समोरून हमखास एकच उत्तर येते : "वेळ कुठे आहे?" हे उत्तर मी कचेरीत ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवरूनही ऐकले आहे. उत्तर रास्त आहे. सकाळी नऊला घराबाहेर पडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या माणसाला कोथिंबिरीच्या काडीची चौकशी करायला सवड कोठून मिळणार? परंतु ज्याला जुन्या गोष्टी उकरून पाहण्याचा नाद आहे, त्याला एवढ्या उत्तराने गप्प बसवत नाही. आजवर ज्यांनी घराच्या परसात भाजी पिकवली, त्यांना तरी सवड होती काय, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. आमच्या गावात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कालच्या औरंगाबादेत आणि त्याच्याही आधीच्या खडकीत, या प्रश्नाचा माग काढत गेले की तो थेट जमिनीखालून वाहणाऱ्या एका पाण्याच्या पाटाशी जाऊन पोहोचतो. त्या पाटाची हकीगत दिवाळीच्या निवांतपणी वाचकांपुढे ठेवावी, एवढाच माझा हेतू.

खडकी हे नावच बोलके आहे. खाम नदीच्या काठचे खडकाळ रानातले हे खेडे. इ. स. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने येथे आपल्या राजधानीची उभारणी सुरू केली. या माणसाचे चरित्र कादंबरीपेक्षा विलक्षण आहे. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या हबसाणात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत बगदादला आणि तेथून दक्षिणेत अहमदनगरला आला. तेथे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरी तो राहिला आणि धन्याच्या पश्चात स्वतःच्या कर्तबगारीवर चढत चढत राज्याचा कारभारी झाला. जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने १६२४ साली भातवडीच्या रणांगणावर लढले, हे तर आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे कितीतरी काळ आदर्श मानली गेली.

अशा माणसाला सवड किती असेल, याचा विचार करावा. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मोगलांकडून त्याचा पराभव झाला आणि पाठोपाठ शत्रूने खडकीत शिरून नव्या राजधानीची राखरांगोळी केली. आणि मौज अशी की, त्यानंतर लगेच, १६१७ च्या सुमारास, त्याने हाती घेतलेले काम होते ते गावाला पाणी आणण्याचे! जळलेल्या गावात पहिल्यांदा तट बांधावा की पाणी आणावे, या पेचात त्याने पाण्याला हात घातला. गावाचा मोठा तट पुढे औरंगजेबाच्या काळात, १६८२ च्या सुमारास, उभा राहिला. पाणी मात्र त्याच्या आधी पाऊणशे वर्षे नाही तरी साठ-पासष्ट वर्षे गावात खेळत होते.

हीच ती नहर-ए-अंबरी. आमच्याकडे कालवा म्हणत नाहीत, नहर म्हणतात. आणि जुन्या वस्तीतल्या वृद्ध माणसांच्या तोंडी हा शब्द एखाद्या वडीलधाऱ्याच्या नावासारखा येतो. नहरीची युक्ती साधी आणि अजब आहे. गावाच्या उत्तरेला डोंगरांची रांग आहे. पावसाचे पाणी त्या डोंगरांत मुरते आणि जमिनीच्या पोटात झिरपत खाली येते. अंबरच्या माणसांनी जमिनीखालून बोगदा खणून ते पाझर एकत्र केले. जमिनीचा उतार डोंगराकडून गावाकडे. बोगद्याला त्याच्याहून थोडा कमी, बेताचा उतार ठेवला. त्यामुळे पाणी आपल्याच वजनाने, कोणी न ओढता, न उपसता, गावाच्या वेशीपर्यंत चालत आले. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवली. त्यांतून आत हवा जाई आणि गाळ काढायला माणूस उतरू शके. गावात आल्यावर पाणी खापराच्या नळांतून वाटले जाई आणि मशिदींच्या, सरायांच्या, हवेल्यांच्या, रस्त्याकडेच्या हौदांत पडे. इराणात अशा भुयारी पाटांची परंपरा फार जुनी आहे. आपल्याकडे बिदर आणि बऱ्हाणपूर येथेही असे काम झाले. अंबरच्या नहरीपाठोपाठ पुढच्या दीडशे वर्षांत आणखी डझनभर नहरी या गावाला जोडल्या गेल्या.

इतिहासाच्या पुस्तकांत नहरीचे कौतुक स्थापत्याच्या अंगाने होते आणि ते व्हायलाच हवे. पण मला तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. नहरीने गावाला पाणी दिले, त्याबरोबर वेळही दिला. नदीवर जाऊन घागर भरून आणायची, तर एका खेपेला किती वेळ लागतो, हे मराठवाड्यातल्या बाईला विचारावे. दिवसाच्या चार खेपा म्हटल्या तरी उजेडाचा केवढा भाग वाटेवरच खर्ची पडतो. हौद गल्लीच्या तोंडाशी आला की तो सारा वेळ घरात परत येतो. मागावर बसून हिमरूचे कापड विणणारा विणकर असो, शिपाई असो, की चार पोरांची आई असो, सगळी दिवसभर राबणारीच माणसे. त्यांचे काम काही कमी झाले नाही. पाण्यासाठी होणारी वणवण तेवढी कमी झाली.

याच गावातली पाणचक्की पाहायला लाखो लोक येतात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ मध्ये तुर्कताजखान याने ती बांधवून घेतली. काही मैलांवरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणून उंचावरून खाली सोडले आणि त्याच्या जोरावर जात्याची तळी फिरवली. यात्रेकरू, फकीर आणि शिपाई यांच्यासाठी तेथे पीठ दळले जाई. पाहणारे लोक हौदाची शोभा पाहतात, हौदाच्या खाली असलेल्या दालनातला गारवा अनुभवतात आणि निघून जातात. मला तेथे उभे राहिले की आठवते ते पहाटेचे जाते. पहाटे तीनला उठून घरच्या बायका पायली-दोन पायली दळत, तेव्हा कुठे सकाळी भाकरी थापली जाई. तेच काम येथे पाणी निमूटपणे करीत होते. घरोघरच्या जात्यांपर्यंत ते पोहोचले नाही, हे खरे. पण पाण्याला कामाला लावले तर माणसाचे हात मोकळे होतात, हे या गावाने पावणेतीनशे वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिले होते.

आता बागांकडे वळू. या गावाला बागांचे गाव म्हणत आणि ते खोटे नव्हते. सतराव्या शतकात येथे येऊन गेलेला फ्रेंच प्रवासी थेव्हनो याने येथल्या मशागत केलेल्या बागांची दखल घेतली आहे. १६६१ मध्ये पुऱ्या झालेल्या बीबी का मकबऱ्याभोवती चार भागांत आखलेली बाग आहे. दिल्ली दरवाजाच्या बाहेर हिमायत बाग आहे; तेथे आज परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. या बागा राजेरजवाड्यांच्या. त्यांना माळी होते, देखरेखीला अंमलदार होते आणि संध्याकाळी हिंडायला सवड असलेली माणसे होती. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येते आणि त्यामुळेच बागेला सवड लागते, अशी आपली समजूत झाली आहे.

परंतु परसबागेचे कूळ निराळे आहे. तिची आखणी कोणी बादशहाने केली नाही. ती मोरीच्या तोंडाशी जन्माला आली. आपल्या कोणत्याही जुन्या घराची रचना आठवून पाहा. पुढे अंगण, मध्ये ओटी-माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी व मोरी. मोरीचे पाणी भिंतीतल्या भोकातून परसात पडे. जेथे पडे तेथे अळू. त्याच्या पलीकडे एखादी केळ. तेथून पुढे पाणी जरा निवळले की पुदिना, मिरचीची चार रोपे, आणि कुंपणावर चढवलेला दोडका किंवा वालाचा वेल. कडेला शेवगा आणि कढीपत्ता. त्यांना तर पाणी मुद्दाम घालावेच लागत नसे. या बागेसाठी कोणी घागरभर पाणी शेंदले नाही. घरात एकदा वापरून झालेल्या पाण्याचा तो दुसरा संसार होता.

माझ्या आजीच्या घरी मी हा दुसरा संसार पाहिला आहे. जुन्या वस्तीतला दोन चौकांचा वाडा, त्यात सहा बिऱ्हाडे. आजी शिवणकाम करी. सकाळी स्वयंपाक आटोपला की दिवेलागणीपर्यंत यंत्राची घरघर चालू. "बाग करते" असे ती कधीच म्हणाली नाही. तांदूळ धुतले की ते पाणी मिरचीच्या बुडाशी, भाजी धुतली की ते चुक्याच्या वाफ्यात, भांडी विसळल्याचे पाणी अळवाला. मी एकदा तिला विचारले होते, "आजी, तू झाडांना पाणी कधी घालतेस?" ती म्हणाली, "घालते कुठे रे? सांडते." आठवड्यातून एकदा तरी त्या सांडलेल्या पाण्याची भाजी आमच्या ताटात असे. श्रावणात अळूवड्या सहाही बिऱ्हाडांत वाटल्या जात.

हे सारे मोडले कसे, तोही इतिहासच आहे. १७६३ मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली आणि गावाची रया हळूहळू उतरली. नहरीला सर्वांत जास्त गरज असते ती गाळ काढणाऱ्या माणसांची. धनी दूर गेला की गाळ काढणारे पांगतात. पुढे नळ आले. नळाने नहरीची गरज संपवली आणि मग नहरीच्या तोंडांवर घरे उभी राहिली, रस्ते गेले, कुठे नळ फुटले, कुठे झाडांची मुळे शिरली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि गावाचे शहर होऊ लागले. चिकलठाण्याला कारखाने आले, सत्तरीच्या दशकात सिडकोच्या वसाहती आखल्या गेल्या, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पाळीवर जाणाऱ्या माणसांच्या सायकली व मोटरसायकली पहाटे-मध्यरात्री रस्त्यावर दिसू लागल्या. नव्या घरांत मोरीचे पाणी भिंतीतून परसात पडेनासे झाले. ते नळीतून थेट गटारात जाऊ लागले. सोय झाली यात शंका नाही. पण अळू गेले ते त्या दिवशी. माणसाची सवड सरली म्हणून परसबाग गेली असे आपण म्हणतो. माझ्या मते पाण्याची वाट बदलली म्हणून ती गेली.

याला जगाच्या इतिहासातही आधार सापडतो. इंग्लंडात कारखान्यातल्या मजुरांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने मिळावेत म्हणून १९०८ मध्ये कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याच देशाने "विजयासाठी खणा" अशी हाक दिली. दिवसा कारखान्यात आणि रात्री बाँबच्या भयात जगणाऱ्या माणसांनी बटाटे व कोबी पिकवले. अमेरिकेत १९४३ साली अशा घरगुती भाजीच्या बागांची संख्या दोन कोटींच्या घरात गेली होती. सवड असलेल्या माणसांचे हे काम खचित नव्हते. आपल्याकडेही त्याच सुमारास "अधिक धान्य पिकवा" ही मोहीम निघाली. १९६५ च्या टंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन देशाला केले, ते अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी त्यांच्याच हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची कोनशिला बसली. १९७६ मध्ये ते धरण पुरे झाले आणि आज आमच्या शहराला पाणी मिळते ते त्याच नाथसागरातून, पन्नासेक किलोमीटरवरून, चढावर उपसून. अंबरच्या नहरीत पाणी उतारावरून आपोआप येई. आता ते विजेच्या जोरावर वर चढवावे लागते. शहराची लोकसंख्या पाहता दुसरा उपाय नव्हता. परंतु वर चढवलेले पाणी महाग असते आणि बेभरवशाचेही. गेल्या कित्येक वर्षांत या शहरातल्या वस्त्यांनी नळाची आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे.

आणि येथेच माझ्यापुढे खरा पेच उभा राहिला. मी आणि माझी पत्नी दोघेही नोकरी करतो. घराच्या मागे दहा फूट लांब, चार फूट रुंद अशी पट्टी आहे आणि वर गच्ची. काही वर्षांपूर्वी आम्ही तेथे मेथी, पालक आणि मिरची लावली. एका कोरड्या मार्गशीर्षात शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अहो, राग मानू नका. आम्ही टँकरची वाट बघतोय आणि तुम्ही मेथीला पाणी घालताय होय?" काकूंच्या बोलण्यात खोच नव्हती, तळमळ होती. १९७२ चा दुष्काळ त्यांनी पाहिला होता. घोटभर पाण्याचे मोल त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होते. मी त्यांना आत बोलावले आणि सिंकखाली ठेवलेली बादली दाखवली. सिंकची नळी गटारातून काढून बादलीत सोडली होती. भाजी, डाळ, तांदूळ धुतल्याचे पाणी तिच्यात साठते. चौघांच्या घरात दिवसाला बादलीभर तरी ते होतेच. काकू बादलीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या सासूबाई करायच्या." दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मोरीपाशी अळवाचा कंद लागला होता.

तेव्हापासून आमचा जो शिरस्ता पडला आहे, तो नोकरदार वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. वाफ्यात दोन-दोन फुटांवर भाजलेल्या मातीची, न रंगवलेली मडकी गळ्यापर्यंत पुरायची. त्यांत पाणी भरून वर झाकण ठेवायचे. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपते आणि मुळांना लागेल तेवढेच मिळते. तीन-चार दिवसांतून एकदा मडकी भरली की झाले. मधल्या दिवशी कचेरीत उशीर झाला तरी रोपे रुसत नाहीत. घरातल्या घरात ही एक लहानशी नहरच. वाफ्यावर वाळल्या पाल्याची वीतभर जाडीची गादी घालावी, म्हणजे ऊन माती सुकवत नाही. साबणाचे पाणी फक्त अळू-केळीला द्यावे. कच्च्या खाण्याच्या पाल्याला ते देऊ नये. मेथी पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येते, पालक पस्तीस-चाळीस दिवसांत आणि कापला की पुन्हा फुटतो. मुळा सव्वा-दीड महिन्यात, दुधी भोपळा दोन महिन्यांत. रोज सकाळी चहा उकळेपर्यंतची वीस मिनिटे आणि रविवारचा एक तास, यापलीकडे आम्ही वेळ दिलेला नाही.

पावसाचाही हिशेब करावा. आमच्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर एवढ्या पावसाचे तीस हजार लिटरांहून अधिक पाणी पडते. सगळे साठवता येत नाही. पण दोन पिंपे भरून ठेवली तर भाद्रपदातली उघडीप निभावते आणि बाकीचे जमिनीत मुरवले तर मलिक अंबरने डोंगरात जे पाहिले, तेच आपल्या अंगणात होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या पट्टीवर आमच्या घराची वर्षाची भाजी भागत नाही. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा घरची पालेभाजी होते. मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता विकत आणावा लागत नाही, एवढेच. आणि चैत्र उलटला की मी वाफे रिकामे ठेवतो. वैशाखातल्या टंचाईत बादलीतल्या पाण्याला घरातच दुसरी कामे असतात. तेव्हा फक्त शेवगा आणि कढीपत्ता उभे राहतात. जुन्या माणसांचाही हाच क्रम होता. पाणी असेल तेवढी बाग, असा त्यांचा हिशेब होता. बाग असेल तेवढे पाणी, असा हिशेब मोगलांच्या बागेत चाले.

तेव्हा "वेळ कुठे आहे?" असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, वेळ आजीलाही नव्हता आणि राखेतून गाव उभारणाऱ्या वजिरालाही नव्हता. आपल्या घरातले पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे एकदा रविवारी उभे राहून पाहावे. ते जेथे वाया जाते, तेथे चार बिया टाकाव्यात. दिवाळी हा त्यासाठी मुहूर्तच आहे. पाऊस संपलेला, ऊन कोवळे, माती अजून ओली. पाडव्याला मेथी पेरली तर ती चंपाषष्ठीच्या आत हाताशी येते. त्या दिवशी आमच्या साताऱ्याच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य घेऊन माणसे लोटतात आणि चातुर्मासात सोडलेले वांगे पुन्हा पानात येते. त्या पानात डाव्या बाजूला घरच्या मेथीची चार पाने पडली, तर नैवेद्याला कोणी नावे ठेवणार नाही.